मांडवाखालचं अंगण

अकोल्याचा उन्हाळा घरी आलेल्या जावयासारखा असतो. तो कधी जाणार हे विचारायचं नसतं, आणि तो आहे तोवर सगळ्या घरानं त्याच्या तंत्रानं वागायचं असतं. ज्यांच्या भिंती जाड, ते हा पाहुणचार कसाबसा निभावतात. पण गिरणीच्या मागं, रुळांच्या कडेला जी पत्र्याची चाळ होती, तिथल्या माणसांना भिंतच नव्हती. वरही पत्रा, बाजूलाही पत्रा. दुपारी हात लागला तर फोड यायचा, आणि रात्री तोच पत्रा दिवसभर प्यालेलं ऊन माणसांच्या अंगावर ओकत बसायचा.

दोन वर्षांमागच्या वैशाखात या चाळीत देवीदासच्या बायकोचं, जमुनेचं पहिलं लेकरू गेलं. ताप नाही, हगवण नाही. दुपारी ते तान्हं नुसतं लाल झालं, मग रडायचं थांबलं, आणि दिवेलागणीला संपलं. गिरणीचे ओव्हरसीयर कमलाकांत त्या दिवशी चाळीचा नळ दुरुस्त करवून घेत होते. जमुनेच्या दाराशी त्यांनी ते ओल्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं पाहिलं. ते तसेच घरी गेले आणि रात्री जेवलेही नाहीत.

कमलाकांत मूळचे अमरावतीचे, राजापेठेतले. वडील भिक्षुकी करायचे, यांनी मात्र ओळंबा आणि टेप हाती धरला. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि शिकलेला माणूस नागपूरकडं तोंड करून बसायचा. हे आपले अकोल्याच्या गिरणीतच रमले. माणूस मऊ, पण एखादी गोष्ट मनानं घेतली की मुंगीसारखा तिच्यामागं लागणारा. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला. पत्रा जायला पाहिजे.

त्यांनी कागदावर जे घर काढलं ते काही आभाळातून पडलेलं नव्हतं. वऱ्हाडातल्या जुन्या शहाणपणाचीच त्यांनी नीट घडी घातली. चार बिऱ्हाडं चार बाजूंना, पाठी बाहेर आणि तोंडं आत, मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण, असा एक चौक. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. वर धाबं, म्हणजे लाकडाच्या कड्या, त्यावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या, त्यावर मातीचा जाड थर. घराला घर चिकटलेलं, त्यामुळे मधली एकच भिंत दोघांच्या कामी यायची आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या भिंतीच कमी व्हायच्या.

आणि खरी करामत अंगणाची. ती ते कुणालाही समजावून सांगायचे, अगदी पोराटोरांनासुद्धा. "हे बघ, रात्री बाजेवर उताणा झोपलास की अंगाला गार लागतं ना? का लागतं? तुझ्या अंगातली ऊब वर जाते, मोकळ्या आभाळात. तशीच अंगणाचीही जाते, धाब्याचीही जाते. मग हवा गार होते. गार हवा असते जड. ती खाली बसते, आणि चारी बाजूंनी घरं असली की जाणार कुठं? विहिरीत पाणी साचावं तशी अंगणात साचते, दारांतून घरात शिरते. सकाळी दारं लावून घ्यायची. तो गारवा दुपारपर्यंत पुरतो."

"अन् आभायच नसलं तं?" एकदा एका पोरीनं विचारलं होतं.

"आभाळ कुठं जातंय, बाई?" असं म्हणून ते हसले होते.

मॅनेजरसाहेब मुंबईचे. वाईट माणूस नव्हता, पण घाईचा होता. त्यांनी अट घातली. खर्च पत्र्याच्या वर जाता कामा नये. एकच चौक बांधायचा, त्यात गिरणीतली सगळ्यांत जुनी चार बिऱ्हाडं ठेवायची. भर वैशाखात ते स्वतः येऊन आत उभे राहतील, आणि घर गार लागलं तरच पुढचे चौक होतील. नाहीतर पावसाळ्याआधी नवा पत्रा मागवायचा आणि सगळी चाळ पुन्हा पत्र्याचीच करायची.

खर्च बसेना. कमलाकांतांनी कागदावरून एकेक वस्तू खोडली. दारापुढचे ओटे गेले. चौकाबाहेरची मोकळी जागा गेली. अंगणाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

जमुनेच्या मांडीवर आता दुसरं लेकरू होतं, उणीपुरी तीन महिन्यांची मुलगी. चौकात राहायला जाणाऱ्यांत देवीदासचा नंबर लागला नाही, कारण तो गिरणीत नवा. कमलाकांतांनी जमुनेला सांगितलं, "हा एक उन्हाळा कळ काढ. पावसाळा सरला की दुसरा चौक उभा राहील. त्यातलं पहिलं घर तुझं."

जमुना म्हणाली, "तुमी म्हंता तं काढतो कळ, सायेब. पन हिनं काढली पायजे ना."

फाल्गुनात रुळांच्या अलीकडं चौक झाला. चैत्रात तर कमलाकांतांना हवेत चालल्यासारखं वाटत होतं. सूर्यभान नावाच्या जुन्या कामगाराची बायको पार्वताबाई त्यांना बघून दुरूनच ओरडायची, "सायेब, सकायी सकायी गोधडी लागते बाप्पा! असं कसं घर बांधलं तुमी, चैतात हुडहुडी भरवणारं?"

मग वैशाख लागला, आणि सूर्यभानच्या पोरीचं, सुभद्रेचं लग्न निघालं. मुलगा अमरावतीजवळच्या भातकुलीचा, घरची शेती असलेला. मांडव घालायचा कुठं? ओटा नव्हता, बाहेर जागा नव्हती. मांडव अंगणात पडला. तो साधा डहाळ्यांचा असता तरी एक वेळ चाललं असतं. पण मॅनेजरसाहेब खूश होऊन म्हणाले, जुन्या माणसाच्या पोरीचं लग्न आहे, गिरणीकडून काही गेलं पाहिजे. त्यांनी सरकीच्या गंजीवर घालायच्या डांबरी ताडपत्र्या पाठवल्या. चार कोपऱ्यांना चार दोर, आणि सगळं अंगण घट्ट झाकून गेलं.

कमलाकांत त्या लग्नाला गेले होते. पंगतीत बसले. वऱ्हाडी वाढप्यानं आग्रह करकरून पानात वरण ओतलं, ते त्यांनी भुरकलं, आणि वर बघून म्हणाले, "सावली झकास झाली हो सूर्यभानजी!"

ज्या माणसानं दोन वर्षं आभाळाचा धडा सगळ्या गावाला शिकवला, त्याला त्या दिवशी आभाळ नाही हे दिसलंच नाही. लग्नाच्या मांडवाकडं कुणी घर म्हणून बघत नाही. मांडव म्हणजे मांडव.

आठवडा उलटला. साहेबांनी परवा येतो असा निरोप पाठवला, म्हणून कमलाकांत चौकात डोकावले. दारातच त्यांच्या तोंडावर हवेचा असा झोत आला की भट्टीचं झाकण उघडल्यासारखं वाटलं. अंगण काळोखं. पोरांच्या पाठी घामोळ्यांनी भरलेल्या. रात्रीची ऊब ताडपत्रीखाली कोंडत होती, दिवसाची तीत भर घालत होती, आणि डांबराचा वास डोक्यात चढत होता. चारही घरं आतून तापली होती.

"सूर्यभानजी, हे अजून उतरवलं नाही?"

"कसं उतरवाव, सायेब? मांडवपरतणी कुठं झाली? पोरीच्या सासूचा पाय मोडला. ते म्हंतात, सून आता पंधरा दिवस तं धाडत नाही."

"मग नुसत्या ताडपत्र्या काढा. खांब राहू द्या, डहाळ्या राहू द्या."

"बिना छपराचा मांडव?" सूर्यभान कसनुसं हसला. "बिना बैलाची गाडी म्हना ना."

कमलाकांतांनी सगळं सांगितलं. परवा साहेब येणार, घर गरम लागलं तर सगळं संपलं, चाळीतली सगळी माणसं पुन्हा पत्र्याखाली. उत्तर पार्वताबाईनं दिलं, घराच्या उंबऱ्यावरून.

"सायेब, तुमाले लेक हाये का?"

"नाही. दोन मुलगे."

"तरीच. लेक असती तं हे तोंडातून निंगालं नसतं. पोरगी परतून आली, तिचं पाऊल मांडवाखाली पडलं, की मंग सोडायचा. आधी सोडला तं तिच्या डोक्यावरचं छत्तर गेलं. माह्या मावसबहिणीनं सोडला होता, वारं सुटलं म्हनून. साल नाही लोटलं अन् पोरीचं कपाय पांढरं झालं."

"पार्वताबाई, वाऱ्याचा आणि त्याचा काही संबंध..."

"नसन. तुमी शिकेल मानूस, तुमाले ठाऊक. पन मी माय हावो. नसन म्हनून माह्यानं नाही होत."

राजापेठेत बहिणीच्या लग्नाचा मांडव कमलाकांतांच्या आईनंही एक दिवस आधी सोडू दिला नसता, आणि त्यांनी तिला एका शब्दानं विचारलं नसतं. हुकूम सोडून ताडपत्र्या ओढून काढता आल्या असत्या. गिरणीच्याच होत्या त्या. पण ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांच्याच डोक्यावरून मांडव ओढून काढायचा, ही कल्पनाच त्यांना गिळवेना. ते साहेबांकडं गेले, पंधरा दिवस मागितले. साहेब म्हणाले, पत्र्याचा भाव तोवर थांबणार नाही.

ठरल्या दिवशी सकाळी साहेब आले. वाकून आत शिरले, रुमालानं मान पुसली, आणि चारही घरांतून फिरून बाहेर आले.

"हे तुमचं गार घर, कमलाकांत?"

"साहेब, हा मांडव आहे. हा निघाला की..."

"मला दिसतंय ना. ताडपत्र्या मी दिल्या, पण मांडव घातला कुणी? मी नाही, तुम्ही नाही. त्यांनी घातला. तुम्ही त्यांना आभाळ दिलंत आणि त्यांनी पहिल्या संधीला त्यावर छप्पर घातलं. लोकांना छप्परच पाहिजे हो!"

"लग्न आहे साहेब. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे."

"लग्नं पुढच्या वर्षीही होतील. आणि कधी होतील? वैशाखातच. चौकात चार बिऱ्हाडं, म्हणजे दरसाल कुणाचं ना कुणाचं निघणारच. मग तुमचं अंगण नेमकं कोणत्या महिन्यात उघडं राहणार?"

हा माणूस घाईचा होता, पण खोटं बोलत नव्हता. ओटे खोडताना, बाहेरची जागा खोडताना, कमलाकांतांनी उन्हाचा हिशेब केला, वाऱ्याचा केला, भिंतींचा केला. या घरात पोरी मोठ्या होतील आणि त्यांची लग्नं होतील, एवढं मात्र त्यांच्या कागदात कुठं नव्हतं.

"पत्र्याच्या चाळीचा आराखडा सोमवारपर्यंत द्या," साहेब म्हणाले. जाताना त्यांनी सूर्यभानच्या पाठीवर हात ठेवून पोरीची चौकशीही केली.

ही बातमी चाळीत दुपारीच पोचली. संध्याकाळी ऊन उतरलं तरी झळा उतरल्या नव्हत्या. कमलाकांत चौकाच्या दाराशी पायरीवर बसले होते. तेवढ्यात रूळ ओलांडून जमुना येताना दिसली. चालत नव्हती, धावतही नव्हती. पाय तिला ओढत आणत होते. पदराखाली मुलगी.

"सायेब, देवीदास दवाखान्यात पयाला. डागदर गावात नाही म्हंतात." तिनं पदर बाजूला केला. मुलगी लाल होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि रडत नव्हती. "पेत नाही. सकायपासून पेत नाही. तुमी म्हनत होते ना, अंगनात गार रायते? मी म्हनलं अंगनात नेतो."

तिला वाट देण्यासाठी ते उठले. ती आत गेली आणि मांडवाखाली मधोमध उभी राहिली. आतली कोंडलेली हवा तिच्या अंगाला लागली तशी तिनं वर पाहिलं, मग कमलाकांतांकडं पाहिलं.

"हे तं तिथल्यावानीच हाये," ती म्हणाली.

त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कमलाकांतांनी रांजणातलं पाणी आणलं, पंचा भिजवून लेकराच्या कपाळावर, पोटावर ठेवला. क्षणात तो कोमट झाला. पुन्हा भिजवला. पुन्हा कोमट. आसपासच्या बाया जमल्या. कुणी सुपानं वारा घालू लागली, तर तो वाराही भाजका. लेकराचं पोट भराभर हलत होतं, आणि जमुना आता कुणाकडंच बघत नव्हती. ती लेकराच्या पोटाकडं बघत होती. हे तिनं आधी एकदा पाहिलेलं होतं. पुढं काय होतं ते तिला पाठ होतं.

पार्वताबाई इतका वेळ आपल्या उंबऱ्यावर उभी होती. ती आत गेली आणि विळा घेऊन बाहेर आली.

"वं, काय करून राह्यली तू?" सूर्यभाननं तिचं मनगट धरलं.

"सोडा."

"पोरगी यायची हाये आपली! पार्वते, शुद्धीवर हायेस का?"

"सोडा म्हनलं ना!" ती ओरडली, आणि लगेच हुंदका देऊन म्हणाली, "मले समजत नाही का? मले समजते हो. पन हे डोयापुढं हाये. ते मांगचं हाये, पुढचं हाये. हे डोयापुढं हाये."

सूर्यभानचा हात सुटला. तिनं कोपऱ्याचा दोर कापला. ताडपत्रीचं एक टोक फडाड करून खाली आलं, धुळीचा लोट उठला. ती रडत रडत दुसऱ्या कोपऱ्याकडं वळली. तिसऱ्या कोपऱ्याशी ती पोचली तेव्हा सूर्यभान तिथं आधीच उभा होता, दाताखाली ओठ धरून गाठ सोडत. कमलाकांतांनी चौथा दोर सोडला. सगळं काळं ओझं वाळल्या डहाळ्यांसकट खाली बसलं, बायांनी ते ओढून दाराबाहेर नेलं.

वर आभाळ होतं. मोठं, फिकट, एक चांदणी घेऊन उभं. हवा लगेच गार झाली नाही, होतही नसते. पण वर कोंडलेली ऊब कुणीतरी हातानं उचलून न्यावी तशी निघून गेली. बायांनी अंगणात घागरी ओतल्या, बाज मधे ओढली. लेकराला ओल्या पंचावर निजवलं. कमलाकांत हात जोडून भिंतीला टेकून बसले. त्यांना देवाचं नाव आठवेना. फक्त जड हवा खाली बसते, जड हवा खाली बसते, एवढंच ते मनात घोकत राहिले. पहाटे लेकरू कण्हलं, मग रडलं, मग जमुनेनं छातीशी धरलं तेव्हा प्यायलं.

बाया हसल्या, रडल्या. पार्वताबाई मात्र मांडवाच्या उघड्या खांबाशी बसून होती. कमलाकांत जवळ गेले तशी म्हणाली, "सायेब, आता माह्या पोरीचं काय होईन?"

आभाळाचं, वाऱ्याचं, भिंतीचं त्यांना सगळं सांगता येत होतं. हे मात्र पोरीला डोळ्यांनी बघूनच सांगता आलं असतं. ते उठले, कोट खांद्यावर टाकला आणि स्टेशनवर गेले.

बडनेऱ्यावरून अमरावती, आणि तिथून बैलांच्या दमणीनं भातकुली. उन्हानं डोकं भणभणत होतं. गिरणीचे साहेब आले म्हणून त्या घरात धांदल उडाली. सासू पाय लांब करून बाजेवर पडलेली होती, तिनं तिथूनच आदर केला. जावई शेतातून धावत आला, धडधाकट, दात काढून हसणारा. सुभद्रेनं गूळपाणी आणून ठेवलं. काम होतं म्हणून या बाजूला आलो, असं कमलाकांतांनी सांगितलं. निघताना ती गोठ्यापर्यंत पोचवायला आली, आणि कुणी नाही असं पाहून हळूच विचारलं, "मायनं मांडव ठेवला ना, सायेब?"

खोटं बोलणं सोपं होतं. तिचा चेहरा इतका कोवळा होता की खोटंच बोलावंसं वाटत होतं.

"सोडला, बाळ. काल सोडला. जमुनेचं लेकरू उन्हानं चाललं होतं."

गोठ्यातल्या बैलानं मान हलवली तेवढा घुंगरांचा आवाज आला.

"वाचलं?"

"वाचलं."

तिनं मान डोलावली. मग तिचा हात नकळत गळ्याशी गेला, आणि ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "अठी घरी सासूले नका सांगजा. कधीच नका सांगजा. उद्या घरात कोनाले ठेच लागली तरी माह्याच मायचं नाव निंगन."

परतीच्या गाडीत कमलाकांतांनी गुडघ्यावर कागद ठेवून चौक पुन्हा काढला. या वेळी बाहेर, दोन चौकांच्या मधे, मांडवापुरती जागा सोडली. सोमवारी पत्र्याच्या आराखड्याबरोबर तोही साहेबांसमोर ठेवला. साहेबांनी तो मन लावून पाहिला. "हे बरोबर आहे," ते म्हणाले. "हे आधी आणलं असतंत तर. पत्रा निघालाय, कमलाकांत. आज संध्याकाळी मालधक्क्यावर उतरेल."

संध्याकाळी ते चौकात गेले. पार्वताबाईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"मजेत आहे. जावईही चांगला आहे," ते म्हणाले, आणि सुभद्रेचा निरोप शब्दन्शब्द सांगितला.

पार्वताबाईनं तो ऐकून घेतला. "शायनी झाली माही पोरगी," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसले, घागर उचलली आणि अंगणावर पाणी शिंपडू लागली. रुळांपलीकडून चाळीतल्या बाया यायला लागल्या होत्या. कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या डोक्यावर गोधडी, दोघींमधे एक बाज. जमुना सगळ्यांच्या पुढं. त्या एका अंगणात किती मावणार होत्या? पार्वताबाई रागे भरत होती, पाय सरकवायला लावत होती, आणि एकीलाही परत धाडत नव्हती. कमलाकांत दाराशी उभे राहिले. मालधक्क्याकडून पत्रे उतरवल्याचा खणखणाट ऐकू येऊ लागला होता, आणि दारापाशी अजून बाया येतच होत्या.